मातीची शाळाखोली: आधी पाऊस बघा, मग पाया काढा

शाळेची खोली मातीत बांधायची असली तर जागा बघायला जुलैत जावं. झड लागलेली असताना शाळेच्या आवारात तासभर उभं राहावं. पाणी कुठनं येतं, कुठं साचतं, वारा पाऊस कुठल्या बाजूनं आत ढकलतो, जुन्या इमारतीची कुठली भिंत हिरवी पडलीय, हे तेव्हाच दिसतं. मी काठ्या रोवून खुणा करून ठेवतो. मे महिन्यात तीच जागा कोरडी ठणठणीत असते आणि कुठंही बांधलं तरी चालेल असं वाटतं.

मी गवंडी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातून जांबोटीकडं जाताना रान दाट व्हायला लागतं, त्या पट्ट्यात माझं गाव. आप्पा मातीच्या भिंती घालायचे. पोरवयात मी त्यांच्या हाताखाली चिखल तुडवला, पुढं बरीच वर्षं सिमेंटची कामं केली आणि आता परत मातीकडं आलोय. आजवर शाळांच्या तीन खोल्या माती-बांबूत उभ्या केल्या. त्यातल्या पहिलीत माझ्याकडून मोठी चूक झाली, ती पुढं सांगतो. आसपासच्या गावांतले गुरुजी आणि एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या विकास समितीचे, लोक विचारत असतात, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

माती म्हटल्यावर लोक २०१९ चा ऑगस्ट काढतात. त्या पुरात आपल्या जिल्ह्यात मातीची घरं धडाधड बसली, हे खरं आहे. पाणी ओसरल्यावर मी मुद्दाम फिरून बघितलं. मी बघितलेल्या भिंती बहुतेक सगळ्या खालून गेल्या होत्या. जोतं वीतभर उंच, त्यात अंगण भर घालून घालून वर आलेलं, म्हणजे माती जवळजवळ जमिनीलाच टेकलेली. पायाशी पाणी उभं राहिलं, खालचा हातभर भाग मऊ झाला आणि वरची भिंत सुकी असूनसुद्धा बसली. उंच दगडी जोत्याची, रुंद वळचणीची आजोबांच्या वेळची घरं आमच्याकडं अजून उभी आहेत. मात्र नदीचं पाणी जिथं खरोखर चढतं तिथं मातीची शाळा बांधूच नका. तिथं कितीही उंच जोतं पुरं पडत नाही.

कागद

हे थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. सरकारी शाळेच्या आवारात एक वीट ठेवायची तरी एसडीएमसीचा ठराव लागतो आणि खात्याच्या इंजिनिअरची लेखी मंजुरी लागते. अर्ज कन्नडमधून करावा लागतो; आमच्या मराठी शाळेत कन्नड शिकवणाऱ्या बाईंनी तो लिहून दिला. मातीची खोली म्हटल्यावर इंजिनिअर आधी नाही म्हणतात. तेव्हा त्यांच्यापुढं आयएस १३८२७ ठेवा. भूकंपात मातीच्या इमारती टिकाव्यात म्हणून काढलेलं हे भारतीय मानक १९९३ सालचं आहे. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीपेक्षा जास्त नको, दोन आडव्या भिंतींमधलं अंतर जाडीच्या दहापटीपेक्षा जास्त नको, दारं-खिडक्या १.२ मीटरपेक्षा रुंद नकोत आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून तेवढ्याच लांब असाव्यात, असं त्यात लिहिलंय. आप्पांनी यातलं काही वाचलं नव्हतं. पण ते कोपऱ्याजवळ खिडकी कधी काढू देत नसत आणि लांब भिंतीला मधे पुस्ती, म्हणजे टेकूची जोडभिंत, दिल्याशिवाय पुढं जात नसत.

हे आकडे धरून आम्ही खोली आतून २४ फूट लांब आणि १५ फूट रुंद ठेवली. भिंत दीड फूट जाड, जोत्यावर आठ फूट उंच. २४ फुटी भिंतीच्या मधोमध बाहेरून पुस्ती. तीस पोरं ऐसपैस बसतात. याहून मोठी खोली हवी असेल तर दोन खोल्या शेजारी शेजारी घ्या, मधली भिंत दोघींनाही आधार देते.

बांबू: माझी चूक आणि तिचा उपाय

पहिल्या खोलीला मी बांबू एप्रिलात तोडला आणि मेमध्ये चढवला. सुट्टीत काम उरकायचं होतं. पुढच्या हिवाळ्यात बाई सांगत आल्या, पोरांच्या वह्यांवर रोज पिवळी पूड पडते. वर चढून बघितलं तर वाशांना टाचणीएवढी भोकं. भुंग्यानं आतून पीठ केलं होतं. तिसऱ्या वर्षी सगळं छप्पर उतरवावं लागलं. गावानं पैसे परत एकदा गोळा केले. त्या सभेत मला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

बांबूतल्या गोड सत्त्वासाठी किडा येतो. पावसात नवे कोंब वाढवायला बांबू ते साठवलेलं सत्त्व वापरतो, म्हणून पावसाळ्यानंतर, थंडीत ते कमी असतं. उन्हाळ्यात परत वाढलेलं असतं. म्हणून तोड दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत करायची. आमच्याकडं अमावास्येच्या आसपास तोडतात. मीही तसंच करतो, पण त्याच्या भरवशावर पुढची प्रक्रिया सोडत नाही.

तीन ते चार वर्षांचा बांबू घ्या. कोवळ्याला गाठीवर पापुद्रे असतात आणि अंग हिरवंगार, तुकतुकीत. जून बांबूवर पांढुरके डाग पडलेले असतात, कोयत्याच्या पाठीनं ठोकलं तर टणक आवाज येतो. जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या बरोबर वर तोडा. खाली पेराचा पेला राहिला तर त्यात पाणी साचून बेट कुजतं. तोडल्यावर पाल्यासकट आठवडाभर बेटालाच टेकून उभा ठेवा. पानं त्यातलं पाणी ओढून घेतात.

जात कुठली? वाशांना माणगा, ज्याला काही गावांत मेस म्हणतात. तो जवळजवळ भरीव, सरळ आणि बिनकाट्याचा असतो. कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटीला, जाड कळक. तो काटेरी आणि पोकळ, तोडताना हात फाडतो, पण वजन घेतो. शेतातला, बांधावरचा बांबू तोडायची आता अडचण नाही. २०१७ साली वन कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. जंगलातला मात्र वनखात्याला विचारल्याशिवाय एक काठीसुद्धा आणू नका. शाळेच्या कामाला तो डाग नको.

आता मुख्य गोष्ट. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिड यांच्या पाण्यात बांबू बुडवून ठेवायचा. १०० लिटर पाण्याला ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक. दोन्ही पावडरी आधी गरम पाण्यात विरघळवून मग ओता, थंड पाण्यात तळाला बसतात. आम्ही २० फूट लांब, अडीच फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून त्यात जाड ताडपत्री अंथरली. बांबू भरून वर दगड ठेवल्यावर हजार-बाराशे लिटर पाणी लागतं, म्हणजे ३०-३५ किलो टाकणखार आणि २०-२५ किलो बोरिक. कळकाच्या गाठी आतून लांब सळईनं फोडून घ्या, नाहीतर पाणी पेरात शिरत नाही. माणगा भरीव असल्यामुळं औषध सावकाश जातं. कळक दहा दिवस ठेवला तर माणगा मी तीन आठवडे ठेवतो. तो ओला, ताजा असतानाच बुडवायचा. वाळल्यावर औषध आत ओढलं जात नाही. बाहेर काढल्यावर सावलीत, आडवा, दगडांवर महिनाभर वाळवायचा.

चराला कुंपण घाला. पोरं आणि गुरं तिकडं फिरकता कामा नयेत, आणि उरलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. ते गाळून पुढच्या खेपेला वापरता येतं.

हे औषध पाण्यात विरघळतं, हे विसरू नका. बाहेर उघड्यावर पावसात भिजणाऱ्या बांबूतनं ते धुऊन जातं. म्हणून बांबू वळचणीच्या आतच ठेवायचा, आणि खांब असेल तर तो जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करायचा. मग वाळवी चढली तरी डोळ्यांना दिसते, झटकता येते.

माती

आमच्या खानापूर भागातली तांबडी माती भिंतीला चांगली. याच मातीवर इथं कौलं आणि मडकी होत आली. उत्तरेला चिकोडी, अथणीकडं काळी माती लागते. ती भिंतीला घेऊ नका. भिजली की फुगते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिकडं काम असेल तर मुरमाड किंवा पांढरी माती शोधा आणि पाया काळ्या थराच्या खाली, मुरमापर्यंत न्या.

वरची फूटभर माती बाजूला सारा. तिच्यात मुळं आणि कुजकं असतं, ती शाळेच्या बागेला घाला. खालची माती काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच बसते, गाळ तासा-दोन तासांत, चिकण दुसऱ्या दिवशी. चार बोटं थर असेल तर त्यातलं एक बोट किंवा थोडं कमी चिकण हवी. जास्त निघाली तर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. मग लाडवाएवढा गोळा करून छातीच्या उंचीवरून टाका. भुगा झाला तर माती रेताड, भाकरीसारखा चपटा झाला तर चिकण किंवा पाणी जास्त. तीन-चार तुकडे झाले की जमलं.

पण खरी परीक्षा मी वेगळी घेतो. दोन फूट लांब आणि दोन फूट उंच असा भिंतीचा नमुना आदल्या मे महिन्यात बांधून ठेवतो. अर्धा कौलांखाली, अर्धा उघडा. पावसाळाभर पोरं येता-जाता बघतात. उघड्या अर्ध्याचं काय होतं ते बघितलं की वळचण किती लांब हवी यावर गावात वाद राहत नाही.

किती माती लागेल? आमच्या मापाच्या खोलीच्या भिंती, दारं-खिडक्या वजा करून, साधारण ९ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरतात. सुटी माती तुडवल्यावर दबते, तेव्हा १३-१४ ब्रास आणून टाका. आवारातच खणलं तर खड्डा भिंतीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. जवळ खणलं तर पावसात तळं होतं आणि पाया भिजतो.

पाया आणि जोतं

पैसे कुठं घालायचे असतील तर इथं घाला. घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा, आमच्याकडं दोन-अडीच फुटांवर लागतो. दगडाचा पाया, वर दगडाचंच जोतं, जमिनीपासून पुरे दोन फूट. जांभा स्वस्त पडतो पण पाणी पितो. जोत्याच्या बाहेरच्या अंगाला मी काळा दगडच लावतो. जोत्याच्या माथ्यावर चार इंच काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींखालनं फिरवा. खालची ओल तिथंच अडते. मातीच्या कामात सिमेंट कशाला, असं काही शिकलेली पोरं विचारतात. एवढ्या एका जागी ते हवंच, असं माझं मत आहे.

भिंत

माती आदल्या संध्याकाळी भिजत घालायची. सकाळी तुडवायची. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, वीतभर तोडून त्यात घालायचं, तुडवताना थोडं थोडं, एकदम नाही. पिंजर भेगा धरून ठेवतं. आमच्याकडं बैलांनी तुडवून घेतात. शेवटच्या खोलीला बैल मिळाले नाहीत, तेव्हा सातवीची पोरं आणि त्यांच्या आया उतरल्या. नंदगडकडनं आलेले बुरूड मामा कन्नड बोलणारे. पोरं त्यांच्याकडनं बांबूला बिदिरू आणि मातीला मण्णू म्हणायला शिकली, आणि मामा पोरांच्या तोंडची गाणी ऐकत दोऱ्या बांधत होते.

गोळे हातोहात देत भिंतीवर आपटून बसवायचे. फळ्यांचा साचा लागत नाही. एका वेळी दोन फुटांच्या वर चढवायचं नाही. बाजू फुगतात, त्या फुगू द्या. तीन-चार दिवसांनी, नख रुतेल पण बोट रुतणार नाही इतकी भिंत ओली असताना, ओळंबा लावून धारदार फावड्यानं फुगलेलं ताशून काढा. तासलेली माती परत चिखलात. मग आठवडाभर वाळू द्या आणि पुढचा थर. आठ फुटांना चार थर, म्हणजे महिना-सव्वा महिना धरा.

हीच रीत बांगलादेशात दिनाजपूर जिल्ह्यातल्या रुद्रपूर गावच्या शाळेला वापरली. २००५ साली ती बांधली, आन्ना हेरिंगर आणि आइके रोसवाग हे तिचे वास्तुकार. तळमजला माती आणि पेंढ्याचा, वरचा मजला बांबूचा, आणि २००७ साली तिला आगा खान पुरस्कार मिळाला. आमच्या इंजिनिअर पोरानं फोनवर फोटो दाखवला तेव्हा मी फावड्यानं भिंत ताशणारा तो माणूस बघत बसलो. आप्पा असेच उभे राहायचे, एक पाय पुढं टाकून. दोन मजल्यांच्या फंदात मात्र आपण पडू नये. आपल्याला एक मजला पुरे.

खिडक्या तीन फुटी घ्या, कोपऱ्यापासून चार फूट सोडून. वरची लाकडी तुळई दोन्हीकडं निदान फूटभर भिंतीत शिरली पाहिजे. सगळ्या खिडक्यांच्या माथ्यावरनं आणि परत भिंतीच्या शेवटी, लाकडाचा नाहीतर चिरलेल्या कळकाचा सलग पट्टा फिरवा, कोपऱ्यात घट्ट बांधा. तो चारी भिंती एकत्र धरतो. फळा जिथं लावायचा तिथं थर घालतानाच लाकडी ठोकळे बसवा. मागाहून खिळे मारले तर माती ढासळते.

छप्पर

टोकांच्या तिकोनी भिंती मातीच्या घालायच्या नाहीत. वजन फुकट वाढतं आणि पडल्या तर पोरांवर पडतात. तिथं बांबूचा कूड विणा, वरचा वीतभर उघडा ठेवा. गरम हवा निघून जाते.

कैच्या तीन. दोन टोकांना, एक मधे पुस्त्यांवर. त्यांचं गणित इंजिनिअरकडनंच करून घ्या. कारण मंगळुरी कौल अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला पंधरा-सोळा बसतात, म्हणजे कोरडं वजनच ४० किलो. भिजल्यावर आणखी. बांबूला खिळा मारायचा नाही, तो फाटतो. गिरमिटानं भोक पाडून गाठीच्या जवळ बोल्ट घाला, वर काथ्याची दोरी ओली करून आवळा. वाळल्यावर ती आणखी घट्ट बसते. पोकळ कळकात बोल्ट येतो त्या पेरात सिमेंटचा माल भरा, म्हणजे पेर चेपत नाही. वासे माणग्याचे, दोन-दोन जोडून, दीड-दीड फुटावर.

उतार तीन फुटाला दोन फूट चढ. याहून सपाट केलं तर जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वारा पाणी कौलांखाली उलटं चढवतो. वळचण भिंतीबाहेर तीन फूट. झड येते त्या पश्चिमेच्या अंगाला तीन फूटही पुरत नाहीत, तिथं सहा फुटी पडवी काढा. पोरांच्या चपला, छत्र्या, डबे ठेवायला ती हवीच असते. पागोळ्या जिथं पडतात तिथं दगडाची गटार काढा, म्हणजे उडालेला चिखल जोत्यावर येत नाही.

गिलावा आणि जमीन

बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. हे मी हात जोडून सांगतो. चांगल्या मनानं, देणगी काढून लोक तो करतात. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट तिला कोंडतं, आत भिंत सडते आणि एक दिवस सगळा पापुद्रा सुटून येतो. चाळलेली माती, शेण आणि भाताचं तूस आठवडाभर कुजवून त्याचा गिलावा करा, वर चुन्याचे दोन हात. आतून खालचा तीन फुटांचा पट्टा जास्त घट्ट घोटा, पोरांचे खांदे आणि दप्तरं तिथंच घासतात.

सारवणाचं मला कळत नाही एवढं आमच्या शेजारच्या आक्कांना कळतं. त्यांनी वारुळाची माती मागितली, चोपण्यानं दोन दिवस जमीन चोपून घेतली आणि मला सांगितलं, "तुम्ही आता बाहेर जावा, पाय उठवू नका." पडवीला मात्र शहाबादी फरशी घाला. ओले पाय तिथं येतात.

वर्षाचं काम

भिंत एप्रिलअखेर पुरी आणि कौलं मेच्या मध्यापर्यंत चढलेली असली पाहिजेत. वळवाचा पाऊस कधीही येतो, तेव्हा भिंतींच्या माथ्यावर टाकायला ताडपत्री पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. उशीर होतोय असं दिसलं तर काम थांबवा, भिंती झाका आणि दिवाळीनंतर सुरू करा. गुरुजी, सरपंच, कोणीही घाई केली तरी.

त्यानंतर दरवर्षी मृगाच्या आधी एक दिवस: फुटकी कौलं बदलायची, गटार उपसायची, बोल्ट आवळायचे, जोत्यावर वाळवीचे माग चढलेत का बघायचं, पश्चिमेच्या अंगाला झड अडवणाऱ्या ताट्या बांधायच्या. दिवाळीच्या सुट्टीत दुसरा दिवस: उडालेला गिलावा भरायचा, चुन्याचा हात द्यायचा. हे दोन दिवस एसडीएमसीच्या वहीत लिहून घ्या, कोणाकडं काय ते नावानिशी.

बांधून उरलेली माती फेकू नका. चाळून पोत्यांत भरा आणि पडवीच्या कोपऱ्यात, कोरड्यात ठेवा. पन्नासेक कौलं आणि पाच-सहा औषध दिलेले वासेही तिथंच. दुरुस्तीला तीच माती लागते, दुसरीकडची लावली तर जोड सुटतो. आमच्या शाळेत त्या पोत्यांवर पाचवीची पोरं मधल्या सुट्टीत बसून डबा खातात, म्हणून मी ती तीनाच्या वर रचून ठेवत नाही.